वाळूझोत प्रक्रिया

वाळूझोत प्रक्रिया : संपीडित (दाबाखालील) हवेच्या प्रवाहात सोडलेले कठीण व बारीक कण प्रोथातून, म्हणजे निमुळत्या तोटीतून, अतिशय वेगाने बाहेर फेकून त्यांच्या आघाताने वस्तूच्या पृष्ठभागावरील गंज, जुना रंग, खपल्या, काजळी इ. काढून टाकण्याची क्रिया. व्यवहारात ती ‘सँडब्लास्टिंग’ या नावानेच ओळखली जाते. प्रारंभी या कामी वाळूच वापरली जात असल्याने हे नाव रूढ झाले. वाळूच्या धुळीमुळे होणारा फुप्फुसाचा असाध्य रोग लक्षात आल्यानंतर अनेक देशांत वाळूचा वापर निषिद्ध ठरला व तिची जागा इतर अपघर्षकांनी (घासून झिजविणाऱ्या कठीण पदार्थांनी) घेतली. तथापि नाव मात्र तसेच राहिले. या विसंगतीमुळे नवशिक्यांची फसगत होते, म्हणून तिचा उल्लेख आरंभीच करणे इष्ट आहे.

जहाजे, पूल, साठवण टाक्या, ओतीव वस्तू इत्यादींच्या स्वच्छतेसाठी ही प्रक्रिया मोठ्या प्रमाणावर वापरतात. प्रस्तुत नोंदीत मात्र जुन्या मोटारगाड्या, जीप, मोटारसायकली व स्कूटर यांचा जीर्णोद्धार करताना त्यांचे सुटे भाग घरच्या घरी स्वच्छ करण्यासाठी होणाऱ्या तिच्या उपयोगाचा विशेष विचार केला आहे.

इतिहास : या प्रक्रियेचे जनक अमेरिकन संशोधक बेंजामिन च्यू टिल्घमन (१८२१–१९०१) हे होत. दगड, धातू, काच इ. कठीण पदार्थ वाळूच्या झोताने कापणे व कोरणे या पद्धतीचे अमेरिकन एकस्व (पेटंट) त्यांना १८ ऑक्टोबर १८७० रोजी मिळाले. वाळवंटातील वाऱ्याबरोबर उडणाऱ्या वाळूने खिडकीची काच धुरकट झालेली पाहून त्यांना ही कल्पना सुचली, अशी आख्यायिका सांगितली जाते. त्यांच्या योजनेत वाळूला वेग देण्यासाठी वाफ किंवा हवा वापरलेली होती. काचेवर नक्षी काढणे व दगडावर अक्षरे कोरणे हे या प्रक्रियेचे सुरुवातीचे उपयोग होत. पुढे हवा संपीडक सुलभ झाल्यावर ओतशाळा व जहाजबांधणी या उद्योगांत तिचा प्रसार झाला. लहान आकाराचे विजेवर चालणारे संपीडक सर्वसामान्यांच्या आवाक्यात आल्यावर ही प्रक्रिया छोट्या कर्मशाळांत व हौशी कारागिरांच्या घरांतही पोहोचली.

तत्त्व : उडणाऱ्या कणाची गतिज ऊर्जा त्याच्या वस्तुमानाच्या सम प्रमाणात व वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून वेग दुप्पट केल्यास आघाताची ऊर्जा चौपट होते. गंज, भाजून कडक झालेला जुना रंग व खपल्या हे थर ठिसूळ असल्याने आघाताने तडकून निघून जातात. रबर वा ग्रीज यांसारख्या मऊ पदार्थांवर मात्र कण उसळतात किंवा रुतून बसतात. काचेवर नक्षी काढताना कोरी ठेवावयाची जागा रबराच्या पत्र्याने झाकतात, ती याच कारणाने. ग्रीज माखलेल्या भागावर झोत सोडला असता तो स्वच्छ तर होत नाहीच, शिवाय अपघर्षकही तेलकट होऊन निकामी होते.

तारेच्या कुंच्याने किंवा पॉलिश कागदाने घासण्यापेक्षा ही प्रक्रिया श्रेष्ठ ठरते, कारण गंजामुळे पोलादाच्या पृष्ठभागावर बारीक खळगे पडलेले असतात. कुंचा त्या खळग्यांच्या कडांवरून फिरतो व तळाशी असलेला गंज केवळ चकचकीत करतो. त्यावर रंग दिल्यास काही महिन्यांत तो फुगून येतो. सूक्ष्म कण मात्र खळग्याच्या तळापर्यंत पोहोचतात. याशिवाय आघातांमुळे पृष्ठभाग एकसारखा खरखरीत होऊन रंगाच्या अस्तराला घट्ट पकड मिळते. या खरखरीतपणाची खोली सामान्यतः २५ ते ७५ मायक्रोमीटर असते. ती रंगलेपाच्या जाडीच्या मानाने फार असल्यास धातूची सूक्ष्म टोके लेपाबाहेर डोकावतात व तेथूनच गंजण्याची क्रिया पुन्हा सुरू होते. म्हणून मोटारीच्या पातळ रंगलेपासाठी बारीक कण निवडतात. [⟶ गंज].

स्वच्छतेची प्रत ठरविण्यासाठी स्वीडनमध्ये तयार झालेली छायाचित्रांवर आधारित प्रमाणे पुढे आंतरराष्ट्रीय मानकात (आयएसओ ८५०१–१, १९८८) समाविष्ट झाली. त्यांनुसार ‘एसए १’ ही हलकी, ‘एसए २’ ही पुरेशी, ‘एसए २½’ ही अतिशय चांगली व ‘एसए ३’ ही संपूर्ण शुभ्र धातू दिसेपर्यंतची स्वच्छता होय. वाहनाच्या चौकटीसाठी ‘एसए २½’ ही प्रत सामान्यतः पुरेशी मानतात.

साधने : घरगुती वापरात तीन प्रकारची साधने आढळतात. चूषण बंदुकीत हवेच्या वेगवान प्रवाहामुळे निर्माण होणाऱ्या कमी दाबाने कण नळीतून वर ओढले जातात. हे साधन स्वस्त व साधे आहे. परंतु कणांना मिळणारा वेग बेताचाच असतो. दाब टाकीच्या प्रकारात अपघर्षक व हवा दोन्ही दाबाखाली असल्याने काम कितीतरी जलद होते. तथापि ही टाकी म्हणजे दाबपात्र असते. तिची रचना, वितळजोड (वेल्डिंग) व सुरक्षा झडप ही सर्व प्रमाणित असावी लागतात. स्वयंपाकाच्या वायूच्या जुन्या सिलिंडरपासून अशी टाकी घरी बनविण्याचा मोह जीवावर बेतू शकतो. तिसरा प्रकार म्हणजे बंद पेटी. तिला पुढून काच, आत दिवा व हात घालण्यासाठी लांब बाह्यांचे रबरी हातमोजे असतात. कण पेटीच्या तळाशी जमून पुन्हा वापरता येतात व धूळ पंख्याद्वारे गाळणीतून ओढून घेतली जाते. कंस, बिजागऱ्या, चाकांचे तुंबे, सायलेन्सरचे पट्टे यांसारख्या लहान भागांसाठी ही पेटीच सर्वांत सोयीची व सुरक्षित होय.

घरगुती कामातील खरी अडचण हवेच्या पुरवठ्याची असते. सु. ५·५ किग्रॅ./सेंमी.² दाबाला ३ मिमी. व्यासाच्या प्रोथातून दर मिनिटाला ४०० ते ४५० लि. हवा निघून जाते, ६ मिमी. प्रोथाला याच्या चौपट हवा लागते. तीन अश्वशक्तीचा सामान्य संपीडक मिनिटाला २५० ते ३०० लि. एवढीच हवा देऊ शकतो. त्यामुळे टाकीतील दाब काही क्षणांत उतरतो, झोत मंदावतो व संपीडक अखंड चालू राहून तापतो. अशा वेळी लहान प्रोथ वापरून थांबत थांबत काम करणे हाच मार्ग उरतो. प्रोथ झिजल्यावरही हीच अडचण येते, कारण व्यास ३ मिमी. वरून ४·५ मिमी. झाला, तर हवेचा खप सव्वादोन पट होतो. साध्या चिनी मातीचे प्रोथ लवकर झिजतात, टंगस्टन कार्बाइडाचे पुष्कळ टिकतात व बोरॉन कार्बाइडाचे सर्वांत अधिक काळ टिकतात.

हवा संपीडित होऊन निवू लागली की तिच्यातील बाष्पाचे पाणी बनते. ते झोतात आल्यास कणांचे गोळे होऊन प्रोथ तुंबतो व स्वच्छ झालेला धातू लगेच गंजतो. यासाठी संपीडकापासून काही अंतरावर, हवा थंड झाल्यानंतरच्या ठिकाणी, जलविभाजक बसवितात. पावसाळ्यात, विशेषतः मुंबई व कोकण किनाऱ्यावर, ही काळजी घेऊनही काम समाधानकारक होत नाही. हवेची सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांहून अधिक असताना किंवा धातूचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३° से. अधिक नसताना हे काम करू नये, असा संकेत आहे.

अपघर्षके : अपघर्षकाची निवड त्याची कठिनता, आकार, घनता व किंमत यांवरून करतात. गार्नेट हे नैसर्गिक खनिज (मोस मापक्रमानुसार कठिनता सु. ७ ते ७·५) पोलादी भागांसाठी सर्वसाधारणपणे उत्तम ठरते. भारतात तमिळनाडू व ओडिशा यांच्या किनाऱ्यांवरील वाळूत ते आढळते. ॲल्युमिनियम ऑक्साइड (कठिनता ९) याहून कठीण व टोकदार असून पेटीत अनेकदा फिरवून वापरता येते. काचेचे गोल मणी धातू फारसा न कापता त्यास मंद झळाळी देतात. म्हणून कार्ब्युरेटरचे बाह्य कवच, दंतचक्रपेटीचे आवरण इ. ॲल्युमिनियमच्या भागांसाठी ते ३ ते ४ किग्रॅ./सेंमी.² एवढ्या कमी दाबाने वापरतात. पोलादी कण ॲल्युमिनियमवर वापरू नयेत. त्यांचे तुकडे मऊ धातूत रुतून बसतात व ओल मिळताच तेथे विद्युत् रासायनिक क्रियेने गंज धरतो. तांबे शुद्ध करताना मिळणारी मळी स्वस्त असून तिच्यात मुक्त सिलिका अत्यल्प असते. परंतु काही नमुन्यांत आर्सेनिकासारखी विषारी मूलद्रव्ये असू शकतात. अक्रोडाच्या कवचांचा चुरा व मक्याच्या कणसांच्या बुरकुंडांचा भुगा ही मऊ अपघर्षके धातूला धक्का न लावता काजळी व रंग काढतात. खाण्याच्या सोड्याचा झोतही अशाच नाजूक कामी उपयोगी पडतो. न्यूयॉर्क येथील स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचा १९८०–९० या दशकात जीर्णोद्धार झाला, तेव्हा आतील बाजूच्या तांब्याच्या पत्र्यावरील डांबराचा थर काढण्यासाठी सोडा वापरला होता. सोड्याने गंज मात्र निघत नाही, पृष्ठभाग खरखरीत होत नाही व मागे राहिलेला अंश धुऊन काढला नाही, तर रंग धरत नाही. [⟶ अपघर्षक].

कार्यपद्धती : वाहन सुटे करताना प्रत्येक भागाची खूण व छायाचित्र ठेवतात. नंतर भाग रॉकेल किंवा क्षारयुक्त द्रावणाने धुऊन ग्रीज पूर्णपणे काढतात व वाळवितात. आटे, धारव्यांच्या बैठका, यंत्रण केलेले सपाट पृष्ठभाग व तेलाची छिद्रे ही रबरी बुचे, जुने बोल्ट व जाड चिकटपट्टी यांनी बंद करतात. साध्या कागदी पट्टीचा झोतापुढे निभाव लागत नाही. चौकटीवर ठोकलेला क्रमांक व एंजिनाचा क्रमांक काळजीपूर्वक झाकणे अत्यंत आवश्यक असते. जुन्या वाहनांवरील हे आकडे उथळ असतात व टोकदार कणांनी ते पुसट होतात. पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांच्या नोंदणीसाठी केंद्र शासनाने २०२१ मध्ये स्वतंत्र नियम केले व त्यांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे योजिली. वाहनाची ओळख पटविण्याचे मुख्य साधन असलेला क्रमांकच नाहीसा झाल्यास वाहनाचे मूल्य व वैधता दोन्ही धोक्यात येतात.

झोत पृष्ठभागाशी काटकोनात न धरता थोडा तिरपा धरून एकसारखा फिरवीत नेतात व एकाच जागी रेंगाळू देत नाहीत. काम संपल्यावर कोरड्या हवेने सर्व कण उडवून देतात. पुढे त्या भागास उघड्या हाताने स्पर्श करीत नाहीत, कारण घामातील क्षारांमुळे बोटांचे ठसे गंजाच्या रूपाने उमटतात. नुकताच उघडा पडलेला पोलाद अतिशय क्रियाशील असतो. कोरड्या हवेत काही तासांच्या आत व दमट हवेत त्याहूनही लवकर त्यावर अस्तर द्यावे लागते. तसे न केल्यास पृष्ठभागावर तांबूस छटा दिसू लागते. समुद्रकिनाऱ्यावर वापरलेल्या वाहनांच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. खळग्यांच्या तळाशी साचलेली क्लोराइडे केवळ झोताने निघत नाहीत. स्वच्छ दिसणाऱ्या पत्र्यावर रातोरात काळे ठिपके उमटले, तर ती शिल्लक आहेत असे समजावे. असा भाग स्वच्छ पाण्याने धुऊन, त्वरित वाळवून त्यावर पुन्हा झोत देणे हाच उपाय होय.

मर्यादा : दारे, चिखलरोधक, बॉनेट यांसारख्या पातळ व सपाट पत्र्यांवर ही प्रक्रिया जपून वापरावी लागते. पत्रा वाकला की तो तापल्यामुळे वाकला असे सामान्यतः समजले जाते. परंतु मुख्य कारण निराळे असते. प्रत्येक कण हा लहानशा हातोडीचा घाव असून त्यामुळे पृष्ठालगतचा थर ताणून पसरतो. पत्र्याचा मागचा भाग मात्र पूर्ववत राहतो. परिणामी पत्रा झोताच्या बाजूला फुगीर होतो. याच तत्त्वाचा उपयोग करून जनरल मोटर्स या कंपनीतील जॉन ओ. ॲल्मेन यांनी १९४० नंतरच्या दशकात छर्रे-आघाताची तीव्रता मोजण्याची पद्धत शोधून काढली. स्प्रिंगा व दंतचक्रे यांना बळकटी देणारा हा परिणाम मोटारीच्या दारास मात्र घातक ठरतो, कारण एकदा ताणला गेलेला पत्रा सहजी मूळ आकारात येत नाही. अशा भागांसाठी कमी दाब व प्लॅस्टिकचे किंवा इतर मऊ कण वापरतात किंवा रंग रासायनिक द्रव्याने काढतात.

एंजिनाचे अंतर्गत भाग, धारवे, दट्ट्याची वलये, तसेच आतून पोकळ असलेले व पूर्णपणे साफ करता न येणारे भाग यांवर झोत वापरू नये. तेलाच्या वाटेत अडकलेला एखादा चिमूटभर कणसमूह नव्याने बांधलेले एंजिन थोड्याच वेळात निकामी करू शकतो. क्रोमियम मुलामा दिलेले भागही झोताने साफ करीत नाहीत. त्यांचा जुना मुलामा रासायनिक पद्धतीने उतरवितात.

धोके व प्रतिबंध : नदीची किंवा समुद्राची सामान्य वाळू प्रामुख्याने क्वॉर्ट्झची, म्हणजे स्फटिकी सिलिकेची असते. आघाताने कण फुटून अतिसूक्ष्म धूळ तयार होते. तिच्यातील सु. १० मायक्रोमीटरांहून लहान कण डोळ्यांना दिसत नाहीत, हवेत दीर्घकाळ तरंगत राहतात व त्यांतील सर्वांत बारीक कण श्वासाबरोबर फुप्फुसातील वायुकोशांपर्यंत पोहोचतात. तेथील भक्षिकोशिका त्यांना पचवू न शकल्याने नष्ट होतात व त्या जागी तंतुमय गाठी तयार होतात. हा रोग म्हणजे सिलिकामयता किंवा सिलिकोसिस होय. दीर्घकाळ थोडी थोडी धूळ गेल्यास तो दहा वा अधिक वर्षांनी प्रकट होतो. धुळीचे प्रमाण फार असल्यास काही महिन्यांतही प्राणघातक ठरू शकतो. रोग्याला क्षयाची बाधा होण्याचा संभव वाढतो. फुप्फुसाची झालेली हानी भरून काढणारे औषध उपलब्ध नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये श्वासावाटे जाणाऱ्या स्फटिकी सिलिकेची गणना मानवी कर्करोगजनक पदार्थांत केली.

ओतीव वस्तू साफ करताना वाळू वापरण्यास ब्रिटनमध्ये १९४९ च्या विनियमांनी बंदी घातली. अमेरिकेतील राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९७४ मध्ये अशाच बंदीची शिफारस केली. जीनचे कापड जुनाट दिसावे म्हणून त्यावर वाळूचा झोत देणाऱ्या तुर्कस्तानातील तरुण कामगारांत सिलिकामयता मोठ्या प्रमाणावर आढळल्याने तेथे २००९ मध्ये ही पद्धत बंद करण्यात आली. भारतात कारखाने अधिनियम, १९४८ मधील अधिसूचनीय रोगांच्या यादीत सिलिकामयतेचा समावेश करण्यात आला. असे कायदे कारखान्यांपुरते असतात. घराच्या अंगणात काम करणाऱ्या हौशी माणसावर देखरेख करणारा निरीक्षक कोणी नसतो. म्हणून त्याला स्वतःलाच नियम घालून घ्यावे लागतात. वाळू कितीही स्वस्त असली, तरी ती वापरावयाची नाही हा त्यांपैकी पहिला नियम होय.

सिलिकारहित अपघर्षक वापरल्याने सर्व धोके टळतात असेही नाही. जुन्या रंगांत शिशाची संयुगे व ब्रेकच्या ढोलांत ॲस्बेस्टसाची धूळ असू शकते. ब्रेकचे भाग म्हणूनच आधी ओले करून पुसून काढतात. कोरड्या हवेने फुंकून साफ करीत नाहीत. तोंडाला रुमाल बांधल्याने या सूक्ष्म धुळीपासून संरक्षण मिळत नाही. पेटीबाहेर काम करताना डोके व खांदे झाकणारे व स्वच्छ हवेचा स्वतंत्र पुरवठा असलेले शिरस्त्राण वापरावे लागते. तेलावर चालणाऱ्या साध्या संपीडकाची हवा श्वसनासाठी परस्पर वापरू नये, कारण तीत तेलाचे तुषार व कार्बन मोनॉक्साइड असण्याचा संभव असतो. पेटी वापरतानाही प्रमाणित श्वसनमुखवटा, कर्णरक्षक व बंदुकीची कळ सोडताच झोत बंद करणारी झडप आवश्यक आहे. पेटी व वस्तू भूसंपर्कित केल्यास स्थिर विद्युत् भाराचे धक्के बसत नाहीत. ॲल्युमिनियम वा मॅग्नेशियम यांची बारीक धूळ ज्वालाग्राही असून ती गंजाच्या धुळीत मिसळू देणे धोक्याचे असते. म्हणून हे भाग साफ करण्यापूर्वी पेटी रिकामी करून पुसून घेतात. जमलेली धूळ झाडूने न लोटता ओली करून किंवा सूक्ष्म गाळणीच्या निर्वात झाडणीने गोळा करतात. कामाचे कपडे घरातील इतर कपड्यांबरोबर धूत नाहीत व लहान मुलांना त्या जागी येऊ देत नाहीत.

पर्यायी पद्धती : पाण्यात मिसळलेल्या कणांचा झोत वापरल्यास धूळ पुष्कळच कमी होते व ॲल्युमिनियमच्या भागांना चांगली चकाकी येते. लहान पोलादी भागांचा गंज धुण्याच्या सोड्याच्या सौम्य विद्रावात विद्युत् विच्छेदनानेही काढता येतो. त्यात धातू मुळीच झिजत नाही. फॉस्फोरिक अम्लाने हलका गंज विरघळून पृष्ठभागावर लोह फॉस्फेटाचा पातळ थर तयार होतो.

मोठी चौकट किंवा संपूर्ण सांगाडा साफ करणे घरगुती साधनांच्या आवाक्याबाहेरचे असल्याने असे काम व्यावसायिक कर्मशाळेकडे सोपविणे श्रेयस्कर असते. मात्र तेथे कोणते अपघर्षक वापरले जाते व झोत चालविणाऱ्या कामगारास श्वसनसाधन दिले आहे किंवा नाही, याची विचारपूस काम देणाऱ्याने करावी. अनेक लहान कर्मशाळांत स्वस्ताईसाठी वाळू वापरली जाते व तिची धूळ चेहऱ्याला फडके गुंडाळलेला कामगार श्वासावाटे घेत असतो. गार्नेटासाठी थोडी अधिक किंमत मोजण्याची ग्राहकाची तयारी हा त्या कामगाराच्या संरक्षणाचा एक प्रभावी मार्ग ठरतो. गंजलेले वाहन पुन्हा उभे करता येते. सिलिकेने कठीण झालेले फुप्फुस मात्र पूर्ववत होत नाही.